मैदानी शंका : सॉफ्टबॉलच्या स्विंगमधलं पाठीचं पातं

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळते, उजव्या हाताची बॅटर आहे. ‘मारण्याआधी पाठ आवळून घे’ असं तिचे सर सांगतात. ती आवळायला गेली की कोपर वर जातं आणि चेंडू हवेत उडून सोपा झेल जातो. नक्की काय आवळायचं?
— एक आई, ऐरोली

उत्तर : सरांचं म्हणणं बरोबर आहे, पण आख्खी पाठ आवळायची नसते. काम आहे ते तिच्या उजव्या, म्हणजे मागच्या खांद्याच्या पात्याचं. हे पातं बाकीच्या सांगाड्याला फक्त गळ्याखालच्या आडव्या हाडाने जोडलेलं असतं. एरवी ते बरगड्यांवर स्नायूंच्या जिवावर सरकतं. पातं आणि मणका यांच्यामधले ऱ्होंबॉइड आणि ट्रॅपिझियसचा मधला भाग आखडले, की पातं मणक्याकडे येतं आणि छातीची बाजू बेचकीच्या रबरासारखी ताणली जाते. त्याच वेळी पुढचा डावा खांदा किंचित आत वळतो.

तुमच्या मुलीचं पातं मणक्याकडे न जाता कानाकडे जातंय. मानेजवळचा ट्रॅपिझियसचा वरचा भाग खांदा उचलतो, त्याबरोबर कोपर वर जातं. स्विंग सुरू करताना ते कोपर आधी खाली आणावं लागतं, त्याच्यासोबत बॅटचं टोकही चेंडूच्या खाली घसरतं. झेल जातात ते यामुळे. कोपर किती वर हवं याचा विचारच तिला करू देऊ नका. पातं नीट सरकलं की कोपर आपोआप मागे, खांद्याच्या जरा खाली येऊन थांबतं.

घरी तपासायला सोपं आहे. तिला स्टान्समध्ये, म्हणजे बॅटिंगच्या पवित्र्यात उभं करा. तुमची दोन बोटं उजव्या पात्याच्या आतल्या कडेवर ठेवा, दुसऱ्या हाताची दोन बोटं मान आणि खांद्याच्या मधल्या मांसल भागावर. आता तिला पातं ‘भरायला’, म्हणजे मणक्याकडे मागे न्यायला सांगा. पात्याची कड तुमच्या बोटांखालून मणक्याकडे सरकली आणि मानेजवळचा भाग मऊच राहिला, तर बरोबर. तो भाग दगडासारखा झाला, तर ती खांदा उचलतेय. बॅट न घेता दहा वेळा, मग बॅट घेऊन दहा वेळा करून घ्या.

दुसरी चूक उलट्या टोकाची. उत्साहाच्या भरात हात पार हेल्मेटच्या मागे जातात. पुढचा हात काठीसारखा सरळ होतो, बॅटला लांब वळसा पडतो आणि आतला चेंडू मुठीजवळ लागतो. काही मुलींचं डोकंही वळतं आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, एकाच डोळ्याला दिसतो. हात मागच्या खांद्यासमोरच राहिले पाहिजेत, हनुवटी पुढच्या खांद्याजवळ आणि दोन्ही डोळे पिचरवर. कंबर मागे वाकवून छाती काढणं म्हणजेही पातं सरकवणं नव्हे.

आता वेळ, कारण खरी गफलत इथेच होते. महिलांच्या खेळात पिचरची पट्टी होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरच्या शेजारच्या तळापासून, 43 फुटांवर असते. वेगवान चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत येऊन पोचतो, त्यामुळे चेंडू सुटल्यावर पातं भरायला सवडच नसते. पिचरचा हात गोल फिरू लागला की पुढचं पाऊल टाकत पातं मागे न्यायचं. पाऊल टेकतं तेव्हा ते भरलेलं असलं पाहिजे. पुढची टाच रुतते, कंबर वळू लागते आणि क्षणभर पातं मागेच राहतं. कंबर आणि खांदा यांच्यातला हा ताणच फटक्याला जोर देतो. मग धड वळतं, पातं सुटतं, शेवटी हात येतात. पाऊल पडतानाच पातं सुटलं, तर पुढे नुसत्या हातांची मारामारी उरते. आणि दात-ओठ खाऊन आवळून ठेवलेलं पातं वेळेवर सुटतच नाही. पूर्ण ताकदीच्या तिसेक टक्के जोर पुरतो.

टीवर, म्हणजे चेंडू ठेवायच्या उभ्या दांडीवर, आठ-आठ फटक्यांचे तीन संच घ्या. पाऊल टाकून एक आकडा मोजेपर्यंत थांबायचं, मग मारायचं. ही थांबण्याची सवय फक्त टीपुरती. आलेल्या चेंडूला थांबायचं नाही.

प्रश्न : पावसाळ्यात मैदान चिखलात असतं. वन बीएचकेमध्ये काय करता येईल?
— एक खेळाडू, नेरूळ

उत्तर : बरंच काही. व्यायामाचा रबरबँड दाराच्या कडीला अडकवा आणि दार ओढल्यावर आपल्या बाजूला उघडणारं नाही ना, ते आधी बघा. एका हाताने बँड ओढताना आधी पातं सरकवा, मग कोपर वाकवा. दोन सेकंद धरा, तीन सेकंदांत सोडा. प्रत्येक बाजूला बारा वेळा, तीन संच, दिवसाआड.

मग भिंतीवर तळवे टेकवा, कोपरं सरळ. छाती पात्यांमधून भिंतीकडे सोडा आणि पुन्हा पाठ मागे ढकला, पंधरा वेळा. बरगड्यांवरचा सेरेटस स्नायू यात कामाला लागतो. पातं सुटून पुढे येतं तेव्हा हाच स्नायू लागतो, आणि नुसतं ओढत बसणारे नेमके त्यालाच विसरतात.

प्रश्न : मी ठाण्यात टेनिस क्रिकेट खेळत आलो, आता सॉफ्टबॉल सुरू केलाय. स्विंगनंतर खांदा दुखतो. बॅट जड असेल का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : असू शकते. मूठ धरून बॅट एका हाताने बाजूला आडवी धरा. वीस सेकंद स्थिर राहिली नाही तर हलकी घ्या. क्रिकेटची सवयही नडते : तिथे पुढचं कोपर वर ठेवून सरळ बॅट आणायची असते, इथे ते कोपर खाली राहतं.

मागच्या खांद्याला समोरून चिमटा बसत असेल, तर पातं जागेवर राहून नुसतं कोपर पाठीमागे जातंय. बॅट बाजूला ठेवून आधी पातं सरकवायला शिका. पण पुढचा खांदा मागच्या बाजूने दुखत असेल, विशेषतः बाहेरच्या चेंडूवर फटका हुकल्यावर, तर स्विंग लगेच थांबवा. तो खांदा सांध्यातून मागे सरकत असू शकतो. रात्री ठणका लागत असेल, हाताला मुंग्या येत असतील किंवा दुखऱ्या जागी ‘कट्’ वाजत असेल, तरी व्यायाम न करता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.