४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का? एवढी मोठी संख्या हाताने कशी तपासायची?

नाही. ६४१ ने नि:शेष भाग जातो, भागाकार ६७,००,४१७. झालं उत्तर. पण हा आकडा दिसला की मला गप्प बसवत नाही.

नववीत होतो. २ चा ३२वा घात अधिक १, म्हणजे हीच संख्या, मूळ असल्याचं फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये म्हटलंय, असं दादाने कुठेतरी वाचलं होतं. वाचलं तेवढंच, पुढचं नाही. मी म्हटलं, भाजक शोधून दाखवतो. "फर्मापेक्षा शहाणा झालास का?" यावर कोण मागे हटेल! ३ पासून एकेक मूळ संख्या घेऊन सुट्टीभर भागाकार करत बसलो. ६४१ ही ११६वी मूळ संख्या. तिथवर पोचलोसुद्धा, आणि नेमकी तिथेच माती खाल्ली. २६७२ मधून २५६४ वजा केले आणि १०८ ऐवजी ११८ लिहिले. शेवटी बाकी ३५९. सातशेला हात टेकले. दादाचा निकाल तयार होता: "सातशेपर्यंत भाग गेला नाही, म्हणजे मूळच."

हे साफ चूक आहे. वर्गमूळापर्यंत जावंच लागतं आणि इथे ते ६५,५३६ च्या किंचित वर आहे. तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या येतात. मी पाहिल्या होत्या, २ धरून, १२५. एवढ्यावरून मूळ म्हणणं म्हणजे पहिलं पान वाचून पुस्तकाचा शेवट सांगणं.

बरं, ऑयलर या गणितज्ञाने १७३२ मध्येच ६४१ शोधून ठेवला होता. आणि माझी सुट्टी उगाचच गेली, कारण या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक १२८ च्या पटीत १ मिळवूनच येतो: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यात मूळ दोनच, २५७ आणि ६४१. म्हणजे दोन भागाकारांत खेळ खलास.

खरं तर भागाकारही नको. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७वा घात. ६४१ ने भागताना ६४० हा −१ सारखा वागतो (६४१ ला एकच कमी), म्हणून त्याचा चौथा घात १ सारखा. त्या चौथ्या घातात ६२५ आणि २ चा २८वा घात असतो. आता ६४१ = ६२५ + १६, म्हणून ६२५ च्या जागी −१६ ठेवा: १६ म्हणजे २ चा ४था घात, तेव्हा −(२ चा ३२वा घात) हा १ सारखा वागतो. म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १ ला ६४१ ने भाग जातो. दोन ओळींत!

हो, एक राहिलं. १२८ ची युक्ती अशा खास संख्यांपुरतीच. भलतीच दहा अंकी संख्या असेल तर हाताने करू नका, संगणकाला द्या, क्षणात सांगेल.

आणि दादा, वाचत असशील तर: ३५९ ही माझी चूक, मान्य. पण पैज मीच जिंकलो होतो.