हिला आई आहे, मग आई का नाही शिकवत?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई केनियातल्या किसुमू शहरात अकरा वर्षं राहिल्या. तिथल्या एका लहान संस्थेचा हिशेब आणि गावभेटींचं काम त्या पाहत.)

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे साताऱ्याचे, चौदा वर्षं इंग्लंडमध्ये आहोत. पश्चिम केनियातल्या एका मुलीच्या नावाने दर महिन्याला एका संस्थेला पैसे देतो. वर्षातून एकदा तिचा फोटो आणि तिने काढलेलं चित्र येतं. आमचे हे म्हणतात, सगळे पैसे संस्थेच्या जीपच्या डिझेलमध्ये जातात. परवा आमच्या नऊ वर्षांच्या मुलाने फोटो बघून विचारलं, "हिला आई आहे, मग आई का नाही शिकवत हिला?" मला उत्तर सुचलं नाही. पैसे देणं चालू ठेवावं का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : तुमच्या मुलाचा प्रश्न आधी घेते. तुम्हाला हवं ते उत्तरही त्यातच सापडेल.

माझे यजमान साखर कारखान्यात केमिस्ट होते. २००१ साली आम्ही किसुमूला गेलो. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं हे शहर. आमच्या फाटकाशी रोज सकाळी ओमेना विकणारी एक बाई यायची. ओमेना म्हणजे सरोवरातली बोटभर लांबीची वाळवलेली मासळी, वास थेट आपल्या सुकटीसारखा. ती मोजून द्यायची गोरोगोरोने, म्हणजे वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्याने. आपल्याकडे मापटं असतं तसं. बाईला सगळे तिच्या थोरल्या मुलीच्या नावापुढे 'मामा' लावून हाक मारत. तिथे मामा म्हणजे आई.

जानेवारी २००३ मध्ये केनिया सरकारने प्राथमिक शाळेची फी माफ केली. वर्गांत मुलं मावेनात, व्हरांड्यात, झाडाखाली बसू लागली. ते दिवस मी पाहिले आहेत. पण गणवेश, वह्या, परीक्षेचे पैसे होतेच, आणि मामाची थोरली तर माध्यमिक शाळेत पोचली होती. तिथे फी होती. तिकडे फीला 'कारो' म्हणतात, आणि जानेवारीत शाळा उघडली की घराघरांत हाच एक शब्द ऐकू येतो. एका सकाळी ती मुलगी आईबरोबर टोपली घेऊन फाटकाशी उभी. शाळेतून घरी पाठवलं होतं, कारो घेऊन ये म्हणून.

त्या रात्री मी कागद घेऊन मामाच्या वर्षभराच्या कमाईचा हिशेब मांडला. तिची मिळकत फीपेक्षा कितीतरी जास्त होती. फक्त ती एका दिवशी, एका जागी कधीच नव्हती. पैसे यायचे थेंबाथेंबाने आणि फी भरायची एकरकमी. मधे कुणाला मलेरिया व्हायचा, कुणाच्या मयताचा खर्च निघायचा. घरचा मका काढणीनंतर पडत्या भावात विकायचा, कारण पैसे आत्ता हवेत. मग मे-जूनमध्ये कणगी रिकामी झाली की तोच मका चढ्या भावाने विकत घ्यायचा. ज्यांनी दिवाळीच्या तोंडावर मिळेल त्या भावाने सोयाबीन घातलं आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

म्हणून तुमच्या मुलाला सांगा, आई शिकवतेच आहे. जानेवारीत फीचे एकरकमी पैसे तिच्या हाताशी नसतात, आणि तिथेच तिची कोंडी होते.

ज्या संस्थांचं काम टिकलं, त्यांनी हीच कोंडी फोडली. मला सर्वांत जवळचं वाटतं ते पेटीचं काम. १९९१ साली नायजर देशातल्या मराडी भागात केअर या संस्थेने बायकांचे बचतीचे गट सुरू केले. हौसा भाषेत त्यांचं नाव 'माता मासू दुबारा', म्हणजे साधारण 'हिकमती बायका'. पुढे ही पद्धत आफ्रिकाभर पसरली. वीस-पंचवीस जणी, एक पत्र्याची पेटी, पेटीला तीन कुलपं. तीन किल्ल्या तीन बायकांकडे आणि पेटी चौथीच्या घरी. दर आठवड्याला गोल करून बसायचं, सगळ्यांसमोर मोठ्याने पैसे मोजायचे. जिला वाचता येत नाही, तिलाही पेटीत किती आहेत हे तोंडपाठ असतं. त्यातूनच एकमेकींना कर्ज द्यायचं. वर्षाअखेर पेटी रिकामी करायची आणि व्याजासकट वाटून घ्यायची.

केनियातल्या बायकांना हे शिकवायची फारशी गरजच नव्हती. त्यांच्याकडे 'मेरी-गो-राउंड' आधीपासून होतंच, आणि ती हुबेहूब आपली भिशी. आम्ही एवढंच सुचवलं की वाटप डिसेंबरात करा. मामाच्या गटाने पहिल्यांदा पेटी फोडली त्या वर्षी पैसे थेट शाळेत गेले. त्या गटाला संस्थेने दिलं काय? एक पेटी, वह्या, आणि वर्षभर बैठकीला येऊन बसणारी एक बाई.

शेतीच्या बाजूनेही असंच काम झालं आहे. २००६ साली केनियातल्याच बुंगोमा भागात 'वन एकर फंड' ही संस्था सुरू झाली. पेरणीआधी बियाणं आणि खत उधारीवर द्यायचं, तेही चालत जाता येईल इतक्या जवळ आणून. परतफेड जमेल तशी, थोडी थोडी. आज ते काम बऱ्याच देशांतल्या लाखो शेतकऱ्यांपर्यंत पोचलं आहे.

आता तुमचे पैसे. मुलाच्या नावाने दान घ्यायची पद्धत जुनी आहे. १९३७ साली, स्पेनमधल्या यादवीत होरपळलेल्या मुलांसाठी जी संस्था निघाली तीच आजची 'प्लॅन'. अशा बहुतेक मोठ्या संस्था आज त्या एका मुलीच्या हातात पैसे देत नाहीत. त्या गावाची शाळा, पाणी, दवाखाना यांवर खर्च करतात. फोटोतली मुलगी त्या गावाचा चेहरा असते. यात फसवणूक नाही, पण संस्थेने हे मोठ्या अक्षरात सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे. 'कम्पॅशन' ही संस्था मात्र नेमलेल्या मुलावरच खर्च करते. तिच्या कामाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. केनिया, युगांडा, भारत धरून सहा देशांतली १०,१४४ माणसं त्यात होती. लहानपणी मदत मिळालेली मुलं इतरांपेक्षा एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती. गरीब घरात एक वर्ष जास्त म्हणजे बरंच काही.

जीपबद्दल तुमच्या यजमानांना सांगा, डिझेलचा मला राग नाही. कुणी गावात गेलंच नाही तर काय होतं ते मी पाहिलं आहे. आम्ही एका गावात वीस बायकांना शिलाई मशिनं दिली. काम पूर्ण झालं असं वहीत मीच लिहिलं. दोन वर्षांनी गेले तर वीसपैकी तीन चालू होती, बाकीची कोपऱ्यात गंजत होती किंवा विकली गेली होती. बाजारात जुने कपडे इतके स्वस्त की नवं शिवून घेणार कोण? बायकांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. जी तीन चालू होती, ती शाळेचे गणवेश शिवत होती.

तेव्हा पैसे चालू ठेवा, पण संस्थेला पत्र लिहा. पैसे मुलीवर खर्च होतात की गावावर, हे विचारा. मुलगी माध्यमिक शाळेत गेली की फी कोण भरणार, हे विचारा. आणि तिची आई कुठल्या बचत गटात आहे का, हे नक्की विचारा. ज्या संस्थेला आईची माहिती नाही, तिथून माझं मन उठेल.

प्रश्न : मी बचत गटांचं काम करते. केनियात काही संस्था गरिबांच्या मोबाइलवर थेट रोख पैसे टाकतात आणि परतही मागत नाहीत, असं वाचलं. ते दारूत जात नाहीत का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : बाई, ही भीती मलाही होती. 'गिव्हडायरेक्टली' ही ती संस्था. हे काम किसुमूच्या शेजारच्या सियाया जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झालं. ६५३ गावांचा अभ्यास, त्यांतल्या साडेदहा हजारांहून अधिक घरांना सुमारे १,००० डॉलर, कुठलीही अट न घालता. पैसे मोबाइलवरच्या 'एम-पेसा'मधून गेले. (पेसा म्हणजे आपला पैसाच. एकेकाळी त्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी रुपया चालायचा, तेव्हाचा हा शब्द.) त्याआधी रारिएडा भागात झालेल्या अभ्यासात दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही. लोकांनी गाई-कोंबड्या घेतल्या, गवताचं छप्पर काढून पत्रे घातले. गवत दर एक-दोन वर्षांनी बदलावं लागतं आणि पावसात गळतं, त्यामुळे पत्रा ही तिथे चैन नव्हे. सियायात दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्या भागात सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाली. पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचंही बरं झालं, कारण गवंडी, सुतार, दुकानदार तेच होते.

आणि २०२५ मध्ये जे प्रसिद्ध झालं ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. पैसे मिळालेल्या घरांत तान्ह्या बाळांचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाळंतपणाच्या आधीच्या आठवड्यांत आईला शेतातलं जड काम थांबवता आलं, दवाखाना गाठता आला. मात्र जिथे दवाखाना जवळ होता, डॉक्टर होते, तिथे हा फरक जास्त. म्हणजे रोख रक्कम दवाखान्याची जागा घेत नाही.

काही गोष्टी तर रोख देण्यापेक्षा वस्तूरूपानेच द्याव्यात. जंताची गोळी हे त्यातलं उदाहरण. १९९८ पासून बुसिया भागातल्या ७५ शाळांत ती देऊन पाहिली, तर मुलांची गैरहजेरी चतुर्थांशाने घटली. नेमका फायदा किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे, पण गोळी इतकी स्वस्त आहे की मी तरी ती देण्याच्याच बाजूची. त्या कामातल्या मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्याबरोबर एस्तर दुफ्लो आणि अभिजित बॅनर्जी होते. बॅनर्जींच्या आई माहेरच्या पाटणकर.

प्रश्न : माझी मुलगी बारावी झाली. तिला सुट्टीत तीन आठवडे केनियातल्या एका अनाथाश्रमात सेवा करायची आहे. बरोबर काय द्यावं? घरात जुने कपडे खूप आहेत.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मुलीची इच्छा चांगली आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते. अनाथाश्रमात पाठवू नका. तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. गरिबीपायी, शाळा आणि दोन वेळचं जेवण मिळेल म्हणून त्यांना तिथे ठेवलेलं असतं. पाहुणे येतात, मुलांना लळा लागतो, तीन आठवड्यांनी पाहुणे जातात. पुन्हा नवे येतात. मी एका आश्रमात चार वर्षांचा मुलगा पाहिला, तो फाटकातून येणाऱ्या प्रत्येकाचा हात धरायचा आणि कुणालाही नाव विचारायचा नाही.

रवांडाने २०१२ मध्ये ही पद्धत बंद करायचं ठरवलं. तेव्हा तिथे ३३ आश्रमांत सुमारे ३,३०० मुलं होती. नातेवाईक शोधून, त्यांना आधार देऊन मुलं घरोघरी परत पोचवायचं काम सुरू झालं. एका मुलाच्या आश्रमातल्या खर्चात त्याची आई त्याला घरी सांभाळू शकते, हे तिथल्या लोकांनी ओळखलं.

कपडेही नकोत. जुन्या कपड्यांचे गठ्ठे तिथे आधीच जहाजांनी येतात. त्यांना 'मितुंबा' म्हणतात, नैरोबीचा गिकोंबा बाजार त्यांनी भरलेला असतो. काही द्यायचंच असेल तर शाळेचा गणवेश द्या. पश्चिम केनियातल्या ३२८ शाळांमधल्या अभ्यासात असं दिसलं की मोफत गणवेश मिळालेल्या मुलींची शाळेतली गळती कमी झाली, कोवळ्या वयात दिवस जाण्याचं प्रमाणही कमी झालं. पण तो ठाण्याहून शिवून नेऊ नका. पैसे तिथल्या शाळेशी जोडलेल्या संस्थेला द्या आणि गावातल्याच शिंपिणीकडून शिवून घ्या म्हणून सांगा. ऑक्टोबरात सांगितलं, तर जानेवारीला हातात येतो.