निर्जन, ओसाड की बेचिराग?

प्रशांत महासागरातील क्लिपर्टनचे वर्णन ‘ओसाड प्रवाळबेट’ असे करावे की ‘निर्जन कंकणद्वीप’ असे, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे.

नामाचा निकाल सोपा आहे. पोवळ्यांच्या सांगाड्यांवर तयार झालेले कोणतेही बेट हे प्रवाळबेट होय. कंकणद्वीप म्हणजे मधल्या पाण्याला वेढणारे अख्खे कडे, म्हणूनच लक्षद्वीपमधील बंगारम आणि तिन्नकारा ही दोन बेटे एकाच कंकणद्वीपावर येतात. ज्वालामुखीचा डोंगर सावकाश खचत असताना त्याच्या काठाची प्रवाळे वर वाढत राहतात आणि शेवटी कडे तेवढे उरते, असा उलगडा डार्विनने १८४२ मध्ये केला. क्लिपर्टनचे कडे कुठेही तुटलेले नाही. त्याला कंकणद्वीपच म्हणावे.

खरी अडचण विशेषणाची आहे. ‘निर्जन’ म्हणजे माणूस नसलेले, मग तिथे पूर्वी कोणी राहिले असो वा नसो. ‘ओसाड’मध्ये मात्र मोडलेल्या वस्तीची आठवण असते, ‘ओसाड गावची पाटीलकी’ या म्हणीतही गाव आधी गृहीत धरलेले आहे. लक्षद्वीपमधील सुहेलीला कायमची वस्ती नाही, पण मासेमारीसाठी लोक तिथे जातात. तिला ‘बिनवस्तीची’ हा साधा शब्द अधिक चपखल बसतो.

क्लिपर्टनला ‘ओसाड’ शोभते, कारण तिथे वस्ती होती. १९१४ च्या सुमारास मेक्सिकोचे सैनिक आणि त्यांची कुटुंबे मिळून सुमारे १०० माणसे तिथे होती. मेक्सिकोतील यादवीमुळे रसद घेऊन येणारी जहाजे बंद झाली आणि ताज्या फळभाज्यांअभावी होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाने माणसे मरू लागली. अखेर उरलेला एकमेव पुरुष, दीपगृहाचा राखणदार अल्वारेझ, स्वतःला राजा म्हणवून बायकांवर अत्याचार करू लागला (पाटीलकीची याहून भेसूर तऱ्हा मला ठाऊक नाही). जुलै १९१७ मध्ये बायकांनीच त्याला ठार केले आणि उरलेल्या ११ स्त्रिया-मुलांना अमेरिकेच्या यॉर्कटाउन या जहाजाने नेले.

आपल्या महसुली दप्तरात वस्ती नसलेल्या गावाला ‘बेचिराग’ म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे. ‘बेचिराख’मधल्या राखेशी त्याचा मुळात संबंध नाही. दीपगृहाचा राखणदार मेला, माणसे गेली, तेव्हा क्लिपर्टनला हा शब्द अक्षरशः लागू पडला. लेखात तो वापरायचा, तर अर्थ सोबत द्यावा लागेल; तसे नको असेल, तर ‘ओसाड कंकणद्वीप’ लिहावे.