दुर्बिणीच्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग करायला यूएसबी कॅप्चर कार्ड चालेल का?

तुम्ही लिहिलंय की विट्याच्या छोट्या दवाखान्यात ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन आहात, डॉक्टरांना दुर्बिणीच्या ऑपरेशनचे व्हिडिओ ठेवायचेत, कॅमेऱ्याच्या बॉक्सला रेकॉर्डिंगची सोय नाही, मोबाईलनं मॉनिटरचं शूटिंग घेतलं तर पट्टे येतात, मग ऑनलाईन मिळतं ते 4के लिहिलेलं छोटं कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र यूएसबीवरून लॅपटॉपमधी घेणारं डबडं) घेऊ का. मी मिरजेत दवाखान्यांमधी मॉनिटर-कॅमेऱ्याच्या वायरिंगची कामं करतो त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

कार्ड घ्या, पण नंतर. आधी कॅमेरा बॉक्सच्या मागं टॉर्च मारून बघा आउटपुटचे सॉकेट कुठले आहेत ते. एचडीएमआय किंवा डीव्हीआय-डी असेल तर काम सोपं, डीव्हीआयला साधी डीव्हीआय-एचडीएमआय वायर चालते, फक्त आवाज येत नाही आणि तुम्हाला तो नकोच आहे. जुन्या बॉक्सला एस-व्हिडिओ असतो नाहीतर गोल फिरवून बसवायचा बीएनसी, त्याला एव्हीवालं वेगळं कार्ड लागतं, आणि चित्र 720 बाय 576 चंच मिळणार, कार्ड कितीही भारी घेतलं तरी त्याच्यावर जाणार नाही. यात एक गोची आहे, बीएनसी सॉकेट जुन्या अॅनालॉग कंपोझिट सिग्नललाही असतो आणि नव्या डिजिटल एसडीआय सिग्नललाही, दिसायला दोन्ही सेम, पण एसडीआयची वायर एव्ही कार्डला लावली तर नुसता काळा पडदा. सॉकेटजवळ काय छापलंय ते वाचूनच ऑर्डर टाका.

आता त्या 4के चं. तसल्या स्वस्त कार्डांवरचं 4के म्हणजे बहुतेक वेळा ते 4के सिग्नल आत घेऊ शकतं एवढंच, रेकॉर्ड होतं 1080 च. आणि बरीचशी यूएसबी 2.0 ची असतात. हिशोब करून बघा, 1920 बाय 1080 चं चित्र, एका पिक्सेलला 2 बाईट, सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर सेकंदाला साधारण 124 एमबी होतात, आणि यूएसबी 2.0 ची कागदावरची मर्यादाच 60 एमबी. म्हणजे कार्डाला चित्र दाबून (कॉम्प्रेस करून) एमजेपेग, म्हणजे एकेक फ्रेम जेपीजी फोटोसारखी करून पाठवावंच लागतं. क्लासचं लेक्चर किंवा गेम असेल तर ते खपून जातं, पण पोटाच्या आत सगळा लाल रंगाचाच खेळ आहे, बारीक रक्तवाहिनी आणि बाजूचा टिश्यू यातला फरक लालच्या छटांमधूनच कळतो आणि चित्र दाबलं की नेमक्या लाल कडा पहिल्यांदा पुसट होतात. म्हणून माझं स्पष्ट मत, एचडी कॅमेरा असेल तर यूएसबी 3.0 चंच कार्ड घ्या आणि लॅपटॉपच्या 3.0 पोर्टलाच लावा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. तुमचा कॅमेरा जुना 576 वाला असेल तर मात्र 2.0 पुरतं.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो, हे नीट वाचा. डॉक्टर ज्या मॉनिटरवर बघून ऑपरेशन करतात त्याची वायर कॅप्चर कार्डातून किंवा लॅपटॉपमधून कधीही फिरवू नका. कार्डाला लूप-आउट (आलेलं चित्र तसंच पुढं मॉनिटरला देणारा सॉकेट) असला तरी नको, कारण बऱ्याच कार्डांची यूएसबी निघाली की लूपही बंद पडतो. एका सिग्नलचे दोन करणारा साधा स्प्लिटर लावला तर त्याचा अडाप्टर लूज झाला की मॉनिटर काळा, आणि आत क्लिप लावत असताना मॉनिटर काळा झाला तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. बऱ्याच बॉक्सना दोन आउटपुट असतात, पहिला मॉनिटरला जसा आहे तसा राहू द्या, दुसऱ्यावरून कार्ड जोडा. आणि लॅपटॉपवर बघून कुणीही काम करायचं नाही, तिथं चित्र थोडं मागून येतं.

लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवरच चालवा. पेशंटला जोडलेल्या मशीनला साधा चार्जरवरचा लॅपटॉप जोडणं म्हणजे लीकेज करंटचा (पेशंटपर्यंत झिरपणाऱ्या करंटचा) धोका असतो, तेव्हा मशीनच्या सर्व्हिस इंजिनियरला दाखवल्याशिवाय जोडणी करू नका. तो आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन लाइनपासून वेगळं ठेवणारा) लावा म्हणाला तर लावा.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ओबीएस स्टुडिओ वापरा, फुकट आहे. माईक म्यूट करा, ओटीतलं बोलणं रेकॉर्ड व्हायला नको. फॉर्मॅट एमकेव्ही ठेवा, मधेच लॅपटॉप बंद पडला तर तोवरचं शाबूत राहतं, साधी एमपी4 फाईल मात्र अर्धवट राहिली की सहसा उघडतच नाही. नंतर ओबीएसमधेच रीमक्स (चित्र तसंच ठेवून फक्त फॉर्मॅट बदलणं) करून एमपी4 करता येते. बिटरेट 10 एमबीपीएस ठेवलात तर तासाला साडेचार जीबी होतात, त्यामुळं पेनड्राइव्ह एफएटी32 फॉर्मॅटचा असेल तर फाईल जाणारच नाही (त्यात एक फाईल 4 जीबीच्या वर बसत नाही), एक्सफॅट करून घ्या. काळा रंग राखाडी दिसत असेल तर कलर रेंज बदलून बघा, जुन्या कॅमेऱ्यात हालचालीला कंगव्यासारख्या रेघा आल्या तर डीइंटरलेसिंग चालू करा.

पेशंटची लेखी संमती आणि स्क्रीनवरचं नाव बंद करणं हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. आपल्या शेजारी कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी मशीनना सायलेंट ऑब्झर्व्हर नावाची रेकॉर्डिंगची उपकरणं बसवली होती, तीही मशीनच्या व्हिडिओ आउटपुटवरूनच रेकॉर्ड करायची, आणि तेव्हा पेशंटच्या खाजगीपणाचाच मुद्दा घेऊन लोक मुंबई हायकोर्टात गेले होते. 2011 ला कोर्टानं ते उपकरण योग्य ठरवलं, पण तिथं गर्भलिंगनिदान रोखायचा कायदा पाठीशी होता. तुमच्याकडं फक्त पेशंटची सही आहे.

केस नसेल त्या दिवशी सगळं जोडा, दुर्बीण गॉजवर धरून तासभर रेकॉर्डिंग चालू ठेवा, आणि मधेच मुद्दाम यूएसबी उपसा, मग लॅपटॉपही बंद करा. मॉनिटर जरासुद्धा लुकलुकला तर ती जोडणी ओटीत वापरायची नाही.