नाला खोल केला, पाणी का थांबेना?

प्रश्न : भाऊ, आम्ही साक्री तालुक्यातले, पांझरेला मिळणारा आमचा नाला दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून जेसीबीनं खोल केला. पहिल्या वर्षी विहिरींना मस्त पाणी, यंदा मात्र बंधाऱ्यात गुडघाभर गाळ आणि गावात भांडणं. चुकलं काय?

उत्तर : चुकलं म्हणजे, सुरुवात खालून केली. टेकडी उघडीबोडकी असेल तर पहिल्याच जोरदार पावसात माती थेट नाल्यात येणार ना. आधी माथ्यावर समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), गवत, मग ओघळीत दगडी बांध आणि शेवटी नाला. तुमच्याच तालुक्यातलं बारीपाडा बघून या, तिथं चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी आधी जंगल राखलं, त्याच कामाला २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. शिरपूर पॅटर्न, म्हणजे तुम्ही केलंत तसं नाला खोल-रुंद करून बंधाऱ्यांत पाणी अडवणं, चांगलाच आहे, पण तो खडक बघून करायचा असतो, मशीन मिळालं म्हणून नाही.

गाळ उन्हाळ्यात ज्याचा त्यानं ट्रॅक्टरनं शेतात न्यावा, हलक्या जमिनीला तो सोन्यासारखा.

भांडणाचं म्हणाल तर पांझरा नदीवरची पाणी वाटून घ्यायची जुनी फड पद्धत आठवा, एका फडात (शेतांच्या एका पट्ट्यात) सगळ्यांचं एकच पीक, पाणी पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारा माणूस, सोडणार. बोअरवाल्यांनाही मिटिंगला बसवा, खरं पाणी तेच ओढतात (रागावू नका). आणि दर अमावस्येला चार विहिरींत दोरी सोडून पाणी मोजा, आकडा पारावर खडूनं लिहा.