वाचकांचे प्रश्न : पाळी जाण्याच्या दिवसांतील तक्रारी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे चाळीस ते पंचावन्न या वयातील भगिनींची असतात आणि त्यांपैकी बहुतेकींना घरातल्या कोणीतरी, क्वचित डॉक्टरांनीही, ‘हे वयाचेच आहे’ असे सांगून गप्प केलेले असते. वय हे रोगाचे निदान नव्हे. या अंकात अशा चार पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रलेखिकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझे वय 46 आहे. वर्षभरापासून पाळी कधी वीस दिवसांनी, तर कधी दीड महिन्याने येते आणि आली की आठ-नऊ दिवस गाठींसह खूप अंगावर जाते. सोनोग्राफीत गर्भाशयात तीन सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, ‘मुले मोठी झाली आहेत, आता पिशवी काढून टाका.’ चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली आहे. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मी दरवर्षी औषधाच्या दुकानातून आणते, त्या यंदा घेऊ का? हल्ली जिना चढताना धापही लागते. (डिचोली तालुका)

उत्तर : आपण जी गोष्ट सर्वांत शेवटी लिहिली आहे, तिच्याकडे सर्वांत आधी लक्ष द्यायला हवे. जिना चढताना लागणारी धाप हे बहुधा रक्तक्षयाचे लक्षण आहे, तेव्हा याच आठवड्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात, पण ते हळूहळू उतरत गेले की शरीर जुळवून घेते आणि सात-आठ ग्रॅमवर आलेल्या बायकाही घर, शेत आणि नोकरी सांभाळत राहतात. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत. लिंबाच्या सरबताबरोबर घेतल्यास लोह अधिक शोषले जाते. हिमोग्लोबिन पूर्वपदावर आल्यानंतरही या गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवाव्या लागतात, कारण शरीरातील रिकामा झालेला साठा भरायला तेवढा अवधी लागतो. त्या सोसत नसतील तर शिरेवाटेही लोह देता येते.

आता रक्तस्रावाकडे वळू. पाळी कायमची थांबण्याआधीच्या काही वर्षांत दर महिन्याला बीजांड सुटतेच असे नाही. ते सुटले नाही तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकाच्या प्रभावाने गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि अखेर ते उशिरा आणि भरपूर प्रमाणात गळून पडते. आपल्या तक्रारीचे सर्वांत संभाव्य कारण हेच असले, तरी ते गृहीत धरून चालणार नाही. वयाच्या 45 वर्षांनंतर असा रक्तस्राव होऊ लागला तर अस्तराचा छोटा नमुना घेऊन, म्हणजे बायोप्सी करून, अस्तराची अतिवाढ किंवा कर्करोग नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. वजन जास्त असेल किंवा मधुमेह असेल तर ती मुळीच टाळू नये. ही तपासणी पुष्कळदा पूर्ण भूल न देता बाह्यरुग्ण विभागातच होते. त्याबरोबर थायरॉइडची तपासणी करावी आणि पाळी लांबली असेल तर गर्भधारणेची चाचणीही करावी. या वयात दिवस जाऊ शकतात, हे बायका आणि त्यांचे यजमान दोघेही विसरतात.

फायब्रॉइडच्या गाठीचे भय बाळगू नये. अशा गाठी पुष्कळ स्त्रियांना असतात, त्या क्वचितच कर्करोगाच्या असतात आणि पाळी गेल्यानंतर सहसा आक्रसतात. त्रास आकारापेक्षा जागेवर अधिक अवलंबून असतो. तीन सेंटिमीटरची गाठ अस्तराला लागून आतल्या पोकळीत वाढली असेल तर ती खूप रक्तस्राव करते. तीच बाहेरच्या बाजूला असेल तर आपल्या त्रासाशी तिचा काही संबंध नसण्याचीही शक्यता आहे. तेव्हा गाठ नेमकी कोठे आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

पिशवी काढण्याआधी करून पाहण्यासारखे उपाय आहेत आणि ते सांगितले गेले नसतील तर सल्ला अपुरा आहे असे मी म्हणेन. पाळीच्या दिवसांत घेण्याचे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड रक्तस्राव बराच कमी करते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारे, तांबीसारखे दिसणारे साधन गर्भाशयात बसवले तर बहुतेकींचा रक्तस्राव काही महिन्यांत अगदी थोडा होतो. तांब्याची तार असलेल्या साध्या तांबीने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून दोन्हींची गल्लत करू नये. सुरुवातीचे तीन ते सहा महिने या साधनाने अधूनमधून डाग लागतात. हे आधी सांगितले नाही तर बायका घाबरून ते काढून घेतात. हे सगळे करूनही रक्तस्राव थांबला नाही, किंवा बायोप्सीत काही गंभीर आढळले, तर शस्त्रक्रिया योग्यच ठरते. मात्र त्या वेळी ‘सोबत अंडाशयेही काढून टाकू’ असे कोणी म्हटले तर कारण विचारा. नैसर्गिक पाळी जाण्याआधी अंडाशये काढल्यास हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. देशभर अनावश्यक शस्त्रक्रियांच्या तक्रारी इतक्या वाढल्या होत्या की एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना याविषयीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. दुसरे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. ते बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा म्हापशाला आझिलोत (जिल्हा रुग्णालयात) घेता येईल.

राहिला चवथीचा प्रश्न. यंदा त्या गोळ्या घेऊ नयेत. पाळी अपेक्षित असलेल्या तारखेच्या सुमारे तीन दिवस आधी नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे या गोळ्यांतले औषध, सुरू करायचे असते. आपली तारीखच निश्चित नाही, त्यामुळे पुष्कळ दिवस गोळ्या घेऊनही ऐन गणपतीपुढे, माटोळीखाली डाग लागण्याची शक्यता उरते. दुसरे असे की, कारण न शोधलेला रक्तस्राव होत असताना हे औषध देऊ नये, असा नियमच आहे. गोळ्या थांबल्यावर दोन-तीन दिवसांत जी पाळी येते ती भरपूर असू शकते आणि रक्तक्षयात ती परवडणारी नाही. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या, यकृताचा विकार असलेल्या किंवा डोळ्यांसमोर चमक येऊन अर्धशिशी होणाऱ्या स्त्रियांनी तर डॉक्टरांना न विचारता या गोळ्या कधीच घेऊ नयेत. शिवणे-न शिवणे घरात कसे पाळावे, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण दीड दिवसाच्या गणपतीसाठी घरातल्या बाईने पंधरा दिवस औषध खावे, अशी अपेक्षा कोणी करू नये, एवढे मात्र मी घरच्यांना अवश्य सांगेन.

प्रश्न : मी 52 वर्षांची शिक्षिका आहे. शेवटची पाळी येऊन चौदा महिने झाले. वर्गात शिकवताना एकाएकी छातीपासून डोक्यापर्यंत गरम वाफा येतात आणि रात्री घामाने कपडे बदलावे लागतात. झोप पुरी होत नाही. संप्रेरकांच्या गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग होतो, असे एका नातेवाईक परिचारिकेने सांगितल्यापासून औषधाची भीती वाटते. (फोंडा)

उत्तर : सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असे मानतात, म्हणजे आपण तो टप्पा ओलांडला आहे. यापुढे एक डाग जरी लागला तरी तो तपासून घ्यावा लागेल. इस्ट्रोजेन कमी झाल्याने मेंदूतील तापमान-नियंत्रणाचे केंद्र फाजील हळवे होते. शरीर किंचित तापले तरी ते घाम काढून आणि त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता बाहेर टाकू लागते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दमट हवेत घाम सुकतही नाही, म्हणून हा त्रास दुप्पट जाणवतो. वाफांबरोबर वजन घटत असेल, सायंकाळी ताप येत असेल किंवा छातीत सतत धडधड होत असेल तर थायरॉइड, क्षय यांसारखी कारणेही शोधावी लागतात.

आपल्या नातेवाईकांनी सांगितलेल्या भीतीचे मूळ 2002 साली थांबवलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात आहे. त्यात 50 ते 79 वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या आणि त्यांचे सरासरी वय 63 होते. म्हणजे पुष्कळ जणींची पाळी जाऊन दहा वर्षे उलटली होती. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे औषध) दोन्ही घेणाऱ्या गटात दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे आठ रुग्ण अधिक आढळले. धोका खोटा नव्हता, पण बातम्यांतून जो धसका बसला तो या आकड्याच्या मानाने फार मोठा होता, आणि त्यापायी पुढची कित्येक वर्षे गरजू स्त्रियाही औषधापासून दूर राहिल्या. आज तज्ज्ञांचे मत असे आहे की, वय साठीच्या आत असेल, पाळी जाऊन दहा वर्षे झालेली नसतील आणि वाफांचा त्रास जाच करणारा असेल, तर बहुतेक निरोगी स्त्रियांच्या बाबतीत फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन वर्गातील औषध द्यावेच लागते, अन्यथा अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. इस्ट्रोजेन त्वचेवर लावण्याच्या जेलमधून घेतले तर रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळ्यांपेक्षा कमी असतो. स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा गुठळी होऊन गेलेल्यांनी मात्र हा मार्ग घेऊ नये. त्यांच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन अशी संप्रेरक नसलेली औषधे आहेत.

औषध सुरू करण्याआधी रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखर तपासा आणि स्तनांची तपासणी करून घ्या. साखरेचा मी खास उल्लेख करतो, कारण 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, 26.4 टक्के, गोव्यातच आढळले होते. हाडांसाठी दिवसाला 1,000 ते 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते; दूध, दही, काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी आणि नाचणीचे तिझान यांतून त्यातले बरेच मिळते. तिझान गुळाचे असते, हे मधुमेह्यांनी लक्षात ठेवावे.

प्रश्न : वय 49. खोकताना, शिंकताना, फुगडी घालताना लघवीचे थेंब गळतात. लाजेने कोणाला सांगितले नाही. बाहेर जायचे असले की पाणी पीत नाही. (पेडणे)

उत्तर : पाणी तोडू नका, त्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाला अधिक त्रास होतो. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळून काही सेकंद धरायचे आणि सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करा. मूत्रविसर्जन चालू असताना मात्र हा व्यायाम करू नये. बद्धकोष्ठता आणि जुना खोकला असल्यास त्यांवर उपचार घ्या. जळजळ, कोरडेपणा किंवा वारंवार जंतुसंसर्ग होत असेल तर योनिमार्गात लावण्याचे इस्ट्रोजेनचे मलम चांगले काम करते. याने भागले नाही तर छोट्या शस्त्रक्रियाही आहेत.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. आई 50 वर्षांची आहे आणि साखळीला एकटीच राहते. तीन महिन्यांपासून ती भजनाला जात नाही, पहाटे तीनला जाग येते, जेवण कमी झाले आहे आणि फोनवर धड बोलत नाही. मावशी म्हणते, ‘पाळी जाताना असे होतेच.’

उत्तर : मावशींचे म्हणणे अर्धेच खरे आहे. या काळात उदासीनतेचा आजार होण्याची शक्यता वाढते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न असणे आणि आवडत्या गोष्टीत रस न उरणे हा आजारच आहे, आणि तो पाळी गेल्यावर आपोआप जाईल अशी वाट पाहू नये. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ब12 जीवनसत्त्व तपासून घ्या, कारण यांच्या बिघाडाने अशीच लक्षणे दिसतात.

उपचारांसाठी मोठ्या शहरातच न्यायला हवे असे नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेला एक महत्त्वाचा अभ्यास गोव्यातीलच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाला. त्यात मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णांना सुटलेली कामे आणि आनंदाच्या गोष्टी थोड्या थोड्या करून पुन्हा सुरू करायला मदत केली. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या रुग्णांपेक्षा हे रुग्ण अधिक सुधारले. आजार तीव्र असेल तर औषधे लागतात आणि बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत ती सुरू करता येतात. 14416 या टेलिमानस (मानसिक आरोग्याच्या मदतीच्या) क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते.

‘जगून काय करायचे’ अशा अर्थाचे काही आई बोलली असेल तर त्याच दिवशी कोणाला तरी तिच्याजवळ राहायला सांगा आणि तिला रुग्णालयात न्या. तसे नसेल तर पहिल्या भेटीला रजा काढून स्वतः या. आई घरी एकटी असल्याने तिच्या झोपेतला आणि जेवणातला बदल डॉक्टरांना सांगणारे तुमच्याशिवाय कोणी नाही, आणि विचारले तर ती ‘काही नाही’ एवढेच म्हणेल.