शेजारच्या मजल्याची सावली आणि गच्चीवरचे सौर पॅनेल

प्रश्न : जुळे सोलापूर भागात आमचे १९९८ साली बांधलेले तळमजल्याचे घर आहे. ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून गच्चीवर तीन किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली आणि ७८,००० रुपये अनुदान मिळाले. पत्नी घरी गणवेशांचे शिलाईकाम करते, त्यामुळे वीज गेल्यावर खोळंबा नको म्हणून स्वखर्चाने लिथियम बॅटरीही घेतली. आता दक्षिणेकडील शेजाऱ्यांनी वरचा मजला चढवायला घेतला आहे. दोन घरांच्या भिंतींत जेमतेम सहा फूट अंतर आहे. सरकारने अनुदान दिलेल्या यंत्रणेचे ऊन शेजारी अडवू शकतात का? न्यायालयातून मनाई हुकूम मिळेल का?

उत्तर : केवळ पॅनेलवर सावली पडते, एवढ्याच कारणावरून मनाई हुकूम मिळण्याची शक्यता माझ्या मते फार थोडी आहे. अनुदान हा शासन आणि आपण यांच्यातील व्यवहार आहे. त्यामुळे शेजाऱ्यांच्या भूखंडावर कोणताही बोजा निर्माण होत नाही. शहरातील जमीनमालकाला स्थानिक बांधकाम नियमांच्या अधीन राहून आपल्या जागेत बांधकाम करण्याचा अधिकार आहे, आणि भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मध्ये हेच उदाहरण दिलेले आहे.

याच अधिनियमाच्या कलम १५ चा आधार घ्यावा, असे आपल्याला कोणी सुचवले असण्याची शक्यता आहे. सलग वीस वर्षे आणि शांततेने इमारतीला मिळत आलेल्या प्रकाशाचे त्या कलमाखाली सुविधाधिकारात, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीबाबत आपल्याला मिळणाऱ्या हक्कात, रूपांतर होते, हे खरे. परंतु तो अधिकार खिडकी, दार किंवा झरोका यांतून आत येणाऱ्या प्रकाशापुरता असतो, आणि मोकळ्या जागेवर येणारा प्रकाश वहिवाटीने मिळवता येत नाही, असे कलम १७ स्पष्ट सांगते. उघडी गच्ची खिडकीच्या व्याख्येत बसवणे अवघड आहे. शिवाय आपली यंत्रणा नवी असल्याने वीस वर्षांचा प्रश्नच उद्भवत नाही. (१८८२ चा हा कायदा मुंबई इलाख्याला, म्हणजे सोलापूरलाही, १८९१ मध्ये लागू झाला, त्यात छपरावरून वीज काढण्याचा विचार केलेला नव्हता, आणि त्यानंतर ही उणीव भरून निघालेली नाही.)

आपल्या दक्षिणेकडील खिडक्यांची बाब मात्र वेगळी आहे. त्या १९९८ पासून तशाच असतील, तर त्यांच्या प्रकाशाचा अधिकार सिद्ध होऊ शकतो. त्यासाठी प्रकाश कमी झाला एवढे म्हणून भागत नाही. घरातील राहणे खरोखर त्रासाचे झाले किंवा नेहमीचा व्यवसाय पूर्वीसारखा करता येत नाही, हे दाखवावे लागते. शिलाईयंत्रे त्याच खोलीत असतील तर ही गोष्ट महत्त्वाची ठरेल. मात्र अडथळा माहीत असूनही आपण वर्षभर गप्प राहिलात, तर वहिवाटीत खंड पडला असे मानले जाऊ शकते.

माझ्या मते आपले खरे बळ सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती हद्दीपर्यंत मोकळ्या सोडाव्या लागणाऱ्या जागेत, आहे. सोलापूर महानगरपालिकेला २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. शेजाऱ्यांचा मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी यांच्या प्रती माहिती अधिकारात मागाव्यात. अर्जाला दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत असते, तथापि त्रयस्थ व्यक्तीला नोटीस निघाल्यास अधिक वेळ लागतो. परवानगी नसेल किंवा नकाशा सोडून बांधकाम चालू असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५२ व ५३ खाली कारवाईसाठी आयुक्तांकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. नियमबाह्य बांधकामामुळे परिसरातील रहिवाशाच्या मालमत्तेच्या उपभोगाला बाधा येत असेल तर तो न्यायालयात दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये उडुपी येथील के. रामदास शेणॉय यांच्या प्रकरणात मान्य केले आहे. हे सर्व स्लॅब टाकला जाण्यापूर्वी करावे, कारण उभे बांधकाम पाडण्याचा हुकूम सहजासहजी मिळत नाही. परंतु दोन्ही घरांत मिळून सहाच फूट अंतर असेल, तर आपल्या बाजूचे अंतर किती सोडले आहे, हेही तपासले जाईल. आपला नकाशा आधी कपाटातून काढून पाहावा.

दाव्याच्या खर्चापूर्वी एक साधा हिशेब करावा, असे मी सुचवीन. सोलापुरात २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४९ अंशांवर असतो. नवा मजला आपल्या गच्चीपेक्षा दहा फूट उंच आणि त्यावर तीन फुटांचा कठडा धरला, तर सावली उत्तरेकडे सुमारे साडेअकरा फूट पोहोचते. सकाळी नऊ आणि दुपारी तीनच्या सुमारास ती पंधरा फुटांपर्यंत जाते. त्यातील सहा फूट दोन भिंतींमधील मोकळ्या जागेत संपतात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला कललेला असतो, त्यामुळे त्या काळात दुपारी ही सावली गच्चीवर येणार नाही. याचा अर्थ पॅनेल गच्चीच्या उत्तर कडेला आठ-नऊ फूट सरकवता आले, तर बहुतेक नुकसान टळेल. एकाच साखळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली आली तरी संपूर्ण साखळीचे उत्पादन घटू शकते, म्हणून प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र ऑप्टिमायझर (एका पॅनेलच्या सावलीचा परिणाम इतरांवर होऊ न देणारे उपकरण) लावण्याविषयीही पुरवठादाराला विचारावे. फेरबदलापूर्वी महावितरणला लेखी कळवावे. बॅटरी वाया जाईल ही भीती मात्र बाळगू नये. हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि बाहेरची वीज तिन्ही हाताळणारा) असल्यास ती महावितरणच्या विजेवरही चार्ज करता येते.

पॅनेल सरकवण्याचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्यास आणि पाण्याची टाकी व जिन्याची खोली दक्षिणेकडे ठेवण्यास शेजारी कदाचित तयार होतील. तसे ठरल्यास तोंडी शब्दावर किंवा साध्या स्टॅम्पपेपरवर थांबू नये. दुय्यम निबंधकांकडे सुविधाधिकाराचा दस्त नोंदवावा, म्हणजे उद्या ते घर विकले गेले तरी नवा मालक त्यास बांधील राहील.

पुरवठादाराविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येईल का, हे यंत्रणा बसवताना शेजाऱ्यांच्या गच्चीवर कॉलमच्या सळया वर काढून ठेवलेल्या होत्या का, यावर अवलंबून राहील. त्या दिसत असूनही त्याने पाहणीत सावलीचा उल्लेख केला नसेल, तर सेवेतील त्रुटीची तक्रार ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दोन वर्षांच्या आत करता येते. मी ती तक्रार फार भक्कम मानत नाही. परंतु त्या वेळी गच्चीवरून काढलेले छायाचित्र मोबाइलमध्ये असल्यास ते जपून ठेवावे.